व्हिन स्कली : एक संघ, एक माइक, ६७ मोसम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेसबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या मराठी माणसाच्याही कानावर हे नाव कधीतरी येतं. कुणाचे नातेवाईक लॉस एंजेलिसला असतात, कुणाला यूट्यूबवर एखादं जुनं ध्वनिमुद्रण सापडतं. मग ठरावीक प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही बिघडत नाही. जिथे नियमावाचून अडतं तिथे तो सांगितला आहे.

व्हिन स्कली म्हणजे नेमके कोण?

डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे समालोचक. १९५० साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये सुरुवात केली, १९५८ मध्ये संघानेच बिऱ्हाड हलवलं तेव्हा त्याच्याबरोबर लॉस एंजेलिसला गेले आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी थांबले. एकूण ६७ मोसम. एकाच संघासाठी इतका काळ माइकपुढे बसलेला दुसरा समालोचक कुठल्याच व्यावसायिक खेळात नाही. जन्म २९ नोव्हेंबर १९२७, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग. २ ऑगस्ट २०२२ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, लॉस एंजेलिसजवळच्या राहत्या घरी ते गेले.

त्यांनी सुरुवात केली तेव्हा जॅकी रॉबिन्सन खेळत होता. गोऱ्यांपुरत्या राखून ठेवलेल्या मेजर लीगची दारं १९४७ मध्ये ज्याने उघडायला लावली, तोच. आणि ते थांबले तेव्हा संघाचा हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) होता क्लेटन कर्शॉ, ज्याचा जन्मच १९८८ चा. यावरून काय ते समजा.

६७ मोसम ठीक आहे, पण एका मोसमात काम असं किती?

क्रिकेटच्या हिशेबाने विचार करू नका, फसाल. बेसबॉलचा मोसम एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो. पूर्वी एका संघाच्या वाट्याला १५४ सामने यायचे, १९६२ पासून डॉजर्सच्या वाट्याला १६२ येऊ लागले. निम्मे घरच्या मैदानावर, निम्मे गावोगावी. सामना अडीच-तीन तासांचा, आणि त्यातला बराच वेळ काहीच घडत नसतं: पिचर चेंडू चोळतो, बॅटर पट्टा सारखा करतो, बॅटरमागे बसलेला कॅचर खुणा करतो. टीव्हीवर निदान ते दिसतं तरी. रेडिओवर ती प्रत्येक पोकळी समालोचकानेच भरायची.

क्रिकेटचा समालोचक मालिकेपुरता घरात येतो आणि जातो. हा माणूस वर्षातले सहा महिने रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात, गाडीत, दुकानाच्या गल्ल्यापाशी बोलत असायचा. लॉस एंजेलिसचे लोक त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखं बोलतात ते यामुळे. मला तरी त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

हे वेड लागलं कुठून?

आवाजातून, पण समालोचकाच्या नव्हे, गर्दीच्या. लहानपणी घरात चार पायांचा मोठा रेडिओ होता. छोटा व्हिन उशी घेऊन त्याच्या खाली सरपटत जायचा, हाताशी दुधाचा पेला आणि खारी बिस्किटं. बेसबॉलसुद्धा नाही, कॉलेजांच्या अमेरिकी फुटबॉलचं प्रक्षेपण असायचं. ज्या गावांचे संघ खेळत ती गावं त्याने पाहिलेलीही नसत. पण लोकांचा गलका वरून अंगावर कोसळायचा आणि पोराच्या अंगावर काटा यायचा. मोठेपणी ही आठवण त्यांनी मुलाखतींमधून अनेकदा सांगितली. पुढे ऐन मोक्याच्या क्षणी ते गर्दीला बोलू द्यायचे, त्याचं मूळ या उशीपाशी आहे.

बेसबॉल आला तो एका लाँड्रीच्या काचेतून. २ ऑक्टोबर १९३६ रोजी, आठ वर्षांचा असताना, शाळेतून परतताना त्याने दुकानाच्या काचेवर वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेतल्या) सामन्याचा निकाल पाहिला: यांकीज १८, जायंट्स ४. हरलेल्यांची त्याला दया आली आणि तो जायंट्सचा झाला. म्हणजे डॉजर्सचा हा आवाज मुळात त्यांच्या कट्टर वैऱ्याचा चाहता होता!

पहिली संधी कशी मिळाली?

कुडकुडत मिळाली. नौदलातली सेवा, मग फोर्डम विद्यापीठ, तिथल्या बेसबॉल संघात आउटफील्डर (मैदानाच्या कडेचा क्षेत्ररक्षक), शिवाय विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या रेडिओ केंद्रावर खटपट, असं सगळं झाल्यावर १९४९ मध्ये ते नोकरीसाठी रेडिओ केंद्रांचे उंबरे झिजवत होते. सीबीएस या प्रसारण कंपनीचा क्रीडाविभाग तेव्हा रेड बार्बर यांच्याकडे होता. ब्रुकलिन डॉजर्सचे मुख्य समालोचकही तेच. एका शनिवारी त्यांना एका सामन्यासाठी माणूस कमी पडत होता, म्हणून त्यांनी स्कलींच्या घरी फोन केला. फोन आईने घेतला आणि लेकाला निरोप दिला की रेड स्केल्टनचा फोन येऊन गेला. रेड स्केल्टन हा त्या काळातला गाजलेला विनोदी नट!

सामना कॉलेज फुटबॉलचा, बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर. नोव्हेंबर महिना. आपल्याला बंदिस्त खोली मिळणार अशा समजुतीने स्कलींनी ओव्हरकोट हॉटेलवरच ठेवला होता. प्रत्यक्षात जागा मिळाली छपरावर, उघड्यावर. हातात माइक, मागे लांबलचक वायर आणि उजेडाला एक बल्ब. खेळ मैदानाच्या ज्या टोकाला सरकेल त्या टोकाला छपरावरून वायर ओढत पळायचं. सबंध सामना त्यांनी असा केला, आणि प्रक्षेपणात थंडीचा एक शब्द काढला नाही. बार्बरना हे कळलं ते नंतर, बॉस्टनच्या यजमानांनी गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली तेव्हा. काही आठवड्यांनी डॉजर्सच्या समालोचन कक्षातली तिसरी खुर्ची रिकामी झाली आणि ती या २२ वर्षांच्या पोराला मिळाली.

ती खुर्ची रिकामी कशी झाली?

अर्नी हार्वेल हे तिथले समालोचक जायंट्सकडे गेले म्हणून. या हार्वेलना डॉजर्सनी १९४८ मध्ये अटलांटाच्या संघाकडून आणलं होतं ते एका कॅचरच्या बदल्यात. खेळाडू द्या, समालोचक घ्या, असा हा सौदा. पुढे डेट्रॉइटमध्ये हार्वेलही चाळीसहून अधिक मोसम बोलले.

रेड बार्बर यांनी त्यांना काय शिकवलं?

शिस्त, बहुतेक सगळी. मैदानावर लवकर पोहोच. खेळाडूंच्या फार जवळ जाऊ नकोस. दुसऱ्या समालोचकांना ऐकत बसू नकोस, नाहीतर तुझ्या आवाजात त्यांचं पाणी मिसळेल. आणि संघाचा भाट होऊ नकोस.

बार्बर स्वतः अंडं उकडताना लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ पुढ्यात ठेवून बसायचे. वाळू संपली की धावफलक सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. ऐकणारा आत्ताच येऊन बसला असेल, त्याला काय माहीत कोण पुढे आहे? आजचे कितीतरी समालोचक दहा-दहा मिनिटं गप्पा हाणतात आणि स्कोअर सांगायचा विसरतात. त्यांना हे घड्याळ भेट द्यावं असं फार वाटतं.

१९५३ च्या वर्ल्ड सिरीजच्या वेळी बार्बरचं मानधनावरून प्रायोजकाशी बिनसलं आणि ते बाजूला झाले. त्यांच्या जागी स्कली बसले. वय वर्षं २५, वर्ल्ड सिरीजचं समालोचन करणारा आजवरचा सर्वांत तरुण माणूस. तो मोसम संपल्यावर बार्बर यांकीजकडे गेले.

ब्रुकलिनमधला त्यांचा सर्वांत मोठा दिवस कुठला?

४ ऑक्टोबर १९५५. यांकीजकडून डॉजर्स तोवर पाच वर्ल्ड सिरीज हरले होते: १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे ब्रुकलिनचं पालुपदच होऊन बसलं होतं. त्या दिवशी सातव्या सामन्यात जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही धाव करू दिली नाही आणि डॉजर्स २-० ने जिंकले. स्कलींनी एवढंच सांगितलं की ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झाले आहेत. बस्स. इतक्या मोठ्या प्रसंगी तुम्ही इतके शांत कसे राहिलात, असं लोक त्यांना पुढे विचारत राहिले. त्यावर ते सांगायचे की आणखी एक शब्द बोललो असतो तर रडू फुटलं असतं.

प्रेक्षक मैदानात बसूनही रेडिओ ऐकायचे, हे खरं का?

खरं. आणि ही या सगळ्या हकिकतीतली सगळ्यात नवलाची गोष्ट आहे.

१९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला आला तेव्हा त्याला स्वतःचं मैदान नव्हतं. पहिले चार मोसम कोलिझियममध्ये काढले. हे स्टेडियम ऑलिंपिक आणि फुटबॉलचं, बेसबॉलचा चौकोन त्यात कसाबसा कोंबलेला. डावीकडची भिंत इतकी जवळ, अवघी सुमारे २५० फूट, की तिथे ४० फुटांहून उंच जाळी उभारावी लागली. उलट बाकीच्या बाजूंना प्रेक्षक इतके दूर की वरच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढा दिसावा. गर्दी मात्र प्रचंड. १९५९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या एका सामन्याला तिथे ९२,७०६ लोक होते.

या लोकांनी डॉजर्सची नावं ऐकली होती, पण चेहरे ओळखीचे नव्हते. त्यातच नेमके त्याच सुमारास खिशात मावणारे ट्रान्झिस्टर स्वस्त होत होते. लोक ते घेऊन मैदानात यायला लागले. डोळ्यांना जे नीट दिसत नाही ते कानांनी पाहायचं. शेकडो, हजारो ट्रान्झिस्टरांमधून एकच आवाज निघायचा आणि तो स्टँडमध्ये घुमायचा. समालोचन कक्षातल्या तंत्रज्ञांना गर्दीचा माइक जपून लावावा लागे, कारण स्कलींचाच आवाज फिरून त्यात यायचा. त्यात घरच्या मैदानावरचे सामने टीव्हीवर दाखवायचे नाहीत असं संघाचं धोरण होतं, त्यामुळे मैदानाबाहेरच्या माणसालाही रेडिओवाचून गत्यंतर नव्हतं.

त्यांनी या गर्दीची एकदा गंमत केली. १९६० मधल्या एका सामन्यात खेळ रेंगाळलेला असताना माहितीपुस्तिका चाळताना त्यांच्या लक्षात आलं की आज पंच फ्रँक सेकरी यांचा वाढदिवस आहे. त्यांनी श्रोत्यांना सांगितलं, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी ओरडून शुभेच्छा द्यायच्या. एक, दोन, तीन... आणि सबंध स्टेडियम ओरडलं. मैदानावरच्या सेकरींना काही कळेना. त्यांच्याकडे थोडाच ट्रान्झिस्टर होता! रेडिओवरचा माणूस हजारोंकडून एका सुरात काहीतरी वदवून घेऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. १९६२ मध्ये डॉजर स्टेडियम उभं राहिलं, तिथून खेळ स्वच्छ दिसायचा, तरी लोकांचे ट्रान्झिस्टर सुटले नाहीत.

१९६५ च्या ज्या इनिंगबद्दल सगळे बोलतात, ती कुठली?

९ सप्टेंबर १९६५, डॉजर स्टेडियम, पाहुणा संघ शिकागो कब्ज. पिचर सँडी कोफॅक्स.

आधी नियम. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग, प्रत्येक संघाचे प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट. म्हणजे कमीत कमी २७ बॅटर. या २७ पैकी एकालाही कुठल्याच मार्गाने पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर) पोहोचू दिलं नाही, तर तो ‘परफेक्ट गेम’. मेजर लीगच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात हे जेमतेम दोन डझन वेळा घडलंय. त्या रात्री आठ इनिंग झाल्या तेव्हा कोफॅक्सने २४ पैकी २४ माघारी पाठवले होते. सामना टीव्हीवर नव्हता. स्कलींनी केंद्राला सांगितलं की नववी इनिंग ध्वनिमुद्रित करा. असा पराक्रम होऊ घातला की शेवटच्या इनिंगचं ध्वनिमुद्रण करून ते पिचरला भेट देण्याची त्यांची पद्धत होती.

म्हणूनच त्या ध्वनिमुद्रणात ते पुन्हा पुन्हा तारीख आणि घड्याळ सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढं नाट्य साधलंय! हेतू साधाच होता: कोफॅक्सने म्हातारपणी ही फीत लावली तर नेमकी वेळ कळावी. पण परिणाम असा झाला की प्रत्येक चेंडूवर काळाचा शिक्का बसला.

आणि बारकावे बघा. कोफॅक्स मागे सरकतो, कपाळ पुसतो, डाव्या हाताची तर्जनी कपाळावरून फिरवतो, मग ते बोट विजारीच्या डाव्या पायावर पुसतो. इतकं सगळं! एका ठिकाणी कोफॅक्स इतक्या ताकदीने चेंडू टाकतो की टोपीच पडते, तेही ते सांगतात. मैदानातले २९ हजार लोक आणि त्यांच्या पोटातली धाकधूक सांगतात. पिचर जिथे उभा राहतो तो उंचवटा या घटकेला जगातली सर्वांत एकाकी जागा असावी, असं म्हणतात. हातात लिहून आणलेलं काही नाही. दिसतंय तसं तोंडातून येतंय.

कब्जचे शेवटचे तीन बॅटर: क्रग, अमाल्फिटानो, मग हार्वी क्युन. तिघेही स्ट्राइक-आउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. शेवटचा चेंडू चुकल्यावर स्कली ‘परफेक्ट गेम’ एवढं म्हणतात आणि थांबतात. ३८ सेकंद फक्त लोक ओरडत असतात. मग ते घड्याळ सांगतात: रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं.

सामना १-० असा सुटला होता. बिचाऱ्या बॉब हेन्डलीने कब्जकडून अवघा एक हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) दिला होता, आणि तो हरला. त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही.

ते मोक्याच्या क्षणी गप्प बसायचे, याचं इतकं कौतुक का?

कारण ते भलतं अवघड आहे. बोलण्याचे पैसे मिळणाऱ्या माणसाला न बोलणं जमत नाही. रेडिओवर तर शांतता म्हणजे केंद्र बंद पडलं अशी शंका येण्याची भीती.

८ एप्रिल १९७४, अटलांटा. अटलांटाच्या हँक एरनने ७१५ वा होम रन (चेंडू कुंपणापार धाडणारा फटका) मारला आणि बेब रूथचा ७१४ चा विक्रम मागे पडला. समोरचा संघ डॉजर्स, म्हणून स्कली हजर. एरनला या विक्रमाच्या वाटेवर वर्णद्वेषी पत्रांचा आणि धमक्यांचा भडिमार सोसावा लागला होता. चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगून स्कली माइकपासून दूर झाले. गर्दी आणि फटाके ऐकू येत राहिले. परत आले तेव्हा पहिली गोष्ट आकडेवारी नव्हती. दक्षिणेतल्या एका शहरात लोक उभं राहून एका कृष्णवर्णीय माणसाला मानवंदना देत आहेत, हे त्यांनी सांगितलं. त्या क्षणी खरी बातमी तीच होती, आणि ती त्यांनी आधी नमूद केली.

१९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना टीव्हीवरचा. डॉजर्सचा कर्क गिब्सन दोन्ही पायांनी जायबंदी. तो डगआउटमध्येसुद्धा (मैदानालगतच्या संघाच्या बाकावरसुद्धा) नाही, आज खेळणं अशक्य, असं स्कलींनी प्रेक्षकांना सांगितलं. आत खेळाडूंच्या खोलीत बर्फ लावून बसलेल्या गिब्सनने ते ऐकलं आणि तो इरेला पेटला, असं सांगतात. नवव्या इनिंगमध्ये दोन आउट झालेले, संघ ३-४ ने मागे, आणि हा लंगडत आला. समोरचा पिचर डेनिस एकर्स्ली याचा चेंडू त्याने उजवीकडच्या स्टँडमध्ये भिरकावला. स्कली चेंडू गेल्याचं सांगून मिनिटाहून अधिक काळ गप्प राहिले. मग एकच वाक्य आलं, की ज्या वर्षात इतकं अनपेक्षित घडलं त्यात आता अशक्य तेही घडलं.

१९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला आणि न्यूयॉर्कचे मेट्स तो सामना जिंकले, तेव्हा तर ते तीन मिनिटांहून जास्त वेळ बोलले नाहीत.

त्यांच्या शेजारी दुसरा समालोचक का नसायचा?

राष्ट्रीय वाहिन्यांवर असायचा, उदाहरणार्थ १९८८ मध्ये जो गाराजिओला होते. डॉजर्सच्या प्रक्षेपणात मात्र त्यांच्या इनिंग ते एकटेच करायचे. कारण सरळ होतं. शेजारी कुणी बसलं की माणूस त्याच्याशी बोलायला लागतो आणि श्रोता दोघांचं संभाषण चोरून ऐकणारा त्रयस्थ होतो. त्यांना श्रोत्याशी बोलायचं होतं.

आपल्याकडे यावर ए. एफ. एस. तथा बॉबी तल्यारखान यांची आठवण निघणं साहजिक आहे. मुंबईतल्या क्रिकेटचं रेडिओ समालोचन ते १९३० च्या दशकापासून करत होते, तेही दिवसभर एकट्याने, आणि माइक दुसऱ्याबरोबर वाटून घेणं त्यांना मंजूर नव्हतं. फरक स्वभावाचा. तल्यारखान मैफल स्वतःभोवती फिरवणारे, स्कली स्वतःला कोपऱ्यात ठेवणारे.

पगार संघाचा, मग बोलणं निष्पक्ष कसं?

प्रश्न रास्त आहे. डॉजर्सविषयी बोलताना ते ‘आपण’ किंवा ‘आम्ही’ म्हणत नसत. प्रतिस्पर्ध्याने चांगला झेल घेतला तर तितक्याच मोकळेपणाने सांगायचे. अमेरिकेत आपल्या संघासाठी माइकवरून आरडाओरडा करणारे समालोचक पुष्कळ आहेत, आणि त्यांचेही चाहते आहेत. पण ज्याने १६२ सामने ऐकायचे आहेत त्याला रोजचा जल्लोष थकवतो. शिवाय आज चांगलं म्हटलेलं खरंच चांगलं होतं, असा विश्वास बसायला काल वाईटाला वाईट म्हटलेलं असावं लागतं.

ते सामन्यात गोष्टी सांगायचे म्हणे. खेळ चालू असताना?

हो, आणि कसब इथेच. चांगला कीर्तनकार आख्यान रंगात आलेलं असताना मध्येच गजर करतो आणि पुन्हा नेमका त्याच ओळीवर येतो, तसं काहीसं. नमुना म्हणून जायंट्सचा पिचर मॅडिसन बमगार्नर याची सापाची गोष्ट ऐका. बमगार्नर समोर मैदानात पिचिंग करतोय आणि स्कली सांगताहेत (मधले इंग्रजी शब्द म्हणजे प्रत्येक चेंडूचा निकाल): सरावाच्या दिवसांत ॲरिझोनात याला नि बायकोला मोठा साप दिसला... स्ट्राइक... याने कुऱ्हाड घेऊन त्याचे तुकडे केले... बॉल, बाहेरून... बायकोने पाहिलं तर सापाच्या पोटात सशाची पिल्लं... फाउल... आणि त्यातलं एक जिवंत! तिने ते वाढवून सोडून दिलं. गोष्टही पुरी, एक चेंडूही सुटला नाही.

जॅकी रॉबिन्सनबरोबरच्या स्केटिंगची गोष्ट ते स्वतःच सांगायचे. हिवाळ्यात दोघं एका विश्रामस्थळी होते. कॅलिफोर्नियात वाढलेला रॉबिन्सन आयुष्यात बर्फावर उभा राहिला नव्हता, तरी म्हणाला, चल, शर्यत लावू. स्कली म्हणाले, अरे, तुला येत नाही. त्यावर त्याचं उत्तर होतं की शिकायचं ते असंच. रॉबिन्सन कसा होता हे कळायला एवढी गोष्ट पुरे.

ते रेडिओचे की टीव्हीचे?

दोन्हीचे. शेवटच्या बऱ्याच वर्षांत पहिल्या तीन इनिंग ते रेडिओ आणि टीव्ही दोन्हींवर एकदम करायचे, पुढच्या फक्त टीव्हीवर. १९७५ ते १९८२ सीबीएसवर फुटबॉल, गोल्फ वगैरे, १९८३ ते १९८९ एनबीसीवर बेसबॉल. पण घडण रेडिओची. गिब्सनचा तो होम रन त्यांनी टीव्हीवर सांगितला होता, हे खुद्द चाहत्यांनाही सांगावं लागतं.

सगळं गोडच होतं का?

नाही. २०१४ पासून डॉजर्सचे सामने एका नव्या केबल वाहिनीवर गेले आणि दरांच्या वादापायी शहरातल्या बहुतेक घरांत ती वाहिनी दिसेचना. म्हणजे त्यांचे शेवटचे तीन मोसम, आणि त्यांच्याच गावात लोकांना ते पूर्ण ऐकता येत नव्हते. अगदी शेवटच्या काही सामन्यांपुरती खुल्या वाहिनीवर सोय झाली. व्यापारी करारांनी चाहत्यांना इतकं करंटं ठरवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

हायमे हारीन कोण? त्यांचं नाव स्कलींबरोबर का घेतात?

डॉजर्सचे स्पॅनिश समालोचक. इक्वेडोरमध्ये जन्मलेले, १९५५ मध्ये अमेरिकेत आले, तेव्हा बेसबॉलचा गंध नव्हता. १९५९ ते २०२२, तब्बल ६४ मोसम. सुरुवातीच्या काळात स्पॅनिश समालोचकांना संघ दौऱ्यावर नेत नसे. मग हारीन स्टुडिओत बसून स्कलींचं प्रक्षेपण कानात घेत आणि तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये सांगत. अनुवादाने सुरुवात करून हा माणूस स्वतःच एक संस्था झाला. १९८१ मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला या मेक्सिकन पोरापायी शहर वेडं झालं, तेव्हा त्याचे दुभाषेही हारीनच होते. एकाच संघाकडे साठहून अधिक मोसमांचे दोन आवाज एकाच वेळी होते, हा योग पुन्हा यायचा नाही.

मानसन्मान?

१९८२ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमकडून समालोचकांना दिला जाणारा फोर्ड फ्रिक पुरस्कार, २०१६ मध्ये अध्यक्ष ओबामांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. डॉजर स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे, स्टेडियममधल्या पत्रकार कक्षालाही. आणि जिथे महान खेळाडूंचे क्रमांक कायमचे निवृत्त करून लावले आहेत तिथे २०१७ पासून त्यांच्या नावाचा माइक लागला आहे. लॉस एंजेलिसला जाणं झालं तर बघून या.

शेवटचा सामना कसा झाला?

घरच्या मैदानावरचा शेवटचा, २५ सप्टेंबर २०१६ चा, एखाद्या लेखकाने लिहिला असता तर संपादकाने खोडला असता. दहाव्या इनिंगमध्ये चार्ली कल्बरसन या फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूने होम रन मारला, मोसमातला त्याचा पहिलाच, आणि त्यावर डॉजर्सनी विभागाचं विजेतेपद घेतलं.

अखेरचा सामना सॅन फ्रान्सिस्कोत, जायंट्सविरुद्ध, २ ऑक्टोबरला. लाँड्रीच्या काचेवर तो निकाल पाहिल्याला त्या दिवशी बरोबर ८० वर्षं झाली होती. मधल्या वेळात जायंट्सचा जुना दिग्गज खेळाडू विली मेज कक्षात येऊन भेटून गेला. डॉजर्स ७-१ असे हरले.

बेसबॉल कळत नाही. तरी ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?

कोफॅक्सची नववी इनिंग. जेमतेम दहा मिनिटांची आहे आणि शोधली की लगेच सापडते. स्ट्राइक, बॉल, आउट एवढे तीन शब्द समजून घ्या आणि डोळे मिटून ऐका; इंग्रजी संथ आणि स्वच्छ आहे. त्यानंतर एरनचा ७१५ वा. गिब्सनचा होम रन तिसरा, आणि तो मात्र चित्रासकट बघा, लंगडत बेस फिरणारा माणूस दिसायला हवा. सापाची गोष्ट जेवताना लावू नका.